सावड

आमच्या दारव्ह्याकडे सावडीचा रिवाज जुना. एकाकडे एक बैल, शेजाऱ्याकडे एक. दोघांनी मिळून जोडी जमवायची आणि आज याचे वावर डवरायचे, उद्या त्याचे. हाच रिवाज संगणकाच्या पोटातही चालतो, हे मला नातवाने दाखवले.

घरात संगणक एकच. माझे लिहिणे लिनक्सवर. नातवाच्या खेळाला मात्र विंडोज हवी. म्हणून २००७ साली लिनक्सच्या गाभ्यात दाखल झालेल्या केव्हीएमच्या जोरावर त्याने आत दुसरा आभासी संगणक मांडला. चित्रे रंगवणारे कार्ड सबंध त्याला देऊन टाकले, पडदाही निराळा दिला. या व्यवहारात आतल्याला ‘पाहुणा’ आणि बाहेरच्याला ‘यजमान’ म्हणतात, याची मला मोठी मौज वाटली. अडले ते कीबोर्ड आणि माउसपाशी.

ही अवजारे पाहुण्याच्या स्वाधीन करता येतात. पण मग तो सोडीपर्यंत यजमान थोटा! जाळ्यावरून वाटून घ्यावीत, तर खेळात फजिती. लिहिताना माउसने ‘मी कुठे आहे’ ते सांगायचे असते. खेळाला ‘मी किती सरकलो’ एवढेच हवे असते. उत्तर चुकीच्या प्रश्नाला गेले, की खेळातला शिपाई भोवऱ्यासारखा गरगरू लागतो.

अखेर क्यूईएमयूमधली एक सोय कामी आली. डावा आणि उजवा कंट्रोल एकदम दाबला, की दोन्ही अवजारे पलीकडे. पुन्हा दाबला, की अलीकडे. उजवा कंट्रोल नसेल तर दोन शिफ्ट चालतात, किंवा स्क्रोल लॉक. वर्षानुवर्षे कोपऱ्यात रिकामी बसलेली ती कळ उतारवयात कामाला लागलेली पाहून मला, खरे सांगतो, आपलेपणा वाटला.

नातू वर्षातून आठ दिवस येतो, आणि त्यातले निम्मे त्या पडद्यात जातात, म्हणून सून कुरकुरते. पण मला वाक्य सुचले, की मी ‘सोड रे’ म्हणतो. तो खेळ थांबवतो, दोन कळा दाबतो आणि कीबोर्ड माझ्यापुढे सरकवतो. पूर्वी असा मोकळा झाला की उठून मित्रांकडे पळायचा. आता आपली पाळी येईपर्यंत तो शेजारीच बसतो आणि मी काय लिहितो ते वाचतो.

परवा मी आमच्या शकुंतला गाडीविषयी लिहीत होतो. यवतमाळ–मूर्तिजापूर, अडीच फुटी रूळ, आता बंद पडलेली.

“आजोबा, ती खरंच एवढी हळू चालायची?”

“तुझ्या खेळातल्या घोड्याहून हळू.”

त्याने खुर्ची जवळ ओढली. “मग? पुढे लिहा ना.”

त्याची पाळी केव्हाच सुरू झाली होती.