तिसावा सभासद

मराठी विश्वकोशात प्लाझ्माला ‘आयनद्रायू’ असा प्रतिशब्द आहे. द्रव आणि वायू यांचा मिळून द्रायू, आणि त्यात आयन असले की आयनद्रायू. शब्द शास्त्रशुद्ध आहे, त्याची व्युत्पत्ती सांगताना बरेही वाटते. पण जालन्यात पस्तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवताना तो मी वर्गात क्वचितच उच्चारला. प्लाझ्मा म्हटले की पोरांना आधी रक्त आठवे. त्यात त्यांची चूक नाही. १९२८ साली लँगम्यूरने विद्युत्‌-विसर्गातल्या त्या चमकत्या वायूला हे नाव दिले तेव्हा शरीरविज्ञानात ते आधीपासूनच रुळलेले होते.

हा लेख मात्र प्लाझ्मावर नाही. प्लाझ्माच्या नावाने चालणाऱ्या एका लहानशा विभागावर आहे आणि त्या विभागाचा कार्यवाह-कोषाध्यक्ष या नात्याने मी केलेल्या एका गोष्टीवर आहे. संस्थेचे नाव सांगत नाही. ती काही फार मोठी नव्हती, आणि जे घडले त्यात तिचा दोष नव्हता. मराठवाड्यातल्या पदार्थविज्ञानाच्या अध्यापकांची आणि थोड्याफार संशोधकांची ती संघटना. तिचे विषयवार विभाग होते आणि प्रत्येक विभागाला आपला अध्यक्ष, आपला कार्यवाह, आपली मतपत्रिका.

विभागांची ही कल्पना अर्थातच आमची नव्हती. अमेरिकन फिजिकल सोसायटीत प्लाझ्मा भौतिकीचा स्वतंत्र विभाग १९५०च्या दशकाच्या अखेरीस निघाला. त्याचे पन्नासावे वार्षिक अधिवेशन २००८ साली डॅलस येथे भरले. विभाग निघण्याचा तो काळही लक्षात घेण्याजोगा आहे. १९५५ साली जिनिव्हाच्या अणुशक्ती परिषदेचे अध्यक्ष होमी भाभा यांनी भाकीत केले होते, की येत्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा नियंत्रित रीतीने मोकळी करण्याचा मार्ग सापडेल. त्या वेळी या विषयावरचे बरेचसे काम गुप्त होते. १९५८च्या दुसऱ्या जिनिव्हा परिषदेत ते उघड झाले आणि आजवर एकमेकांपासून कागद लपवणारी माणसे एका सभागृहात बसू लागली. आता बसायचे तर कोण कुठे बसणार, बोलायला आधी कोण उठणार, वर्गणी किती, हे ठरवणे आलेच. भाभांची दोन दशके १९७५ साली संपली. वीज अजून यायची आहे. विभाग मात्र चालू आहे.

त्या विभागाच्या कारभारातली एक गोष्ट मला फार आवडे. तिथे सभासद निवडतात तो उपाध्यक्ष. तोच पुढच्या वर्षी नियोजित अध्यक्ष होतो, त्याच्या पुढच्या वर्षी अध्यक्ष आणि शेवटचे एक वर्ष माजी अध्यक्ष म्हणून समितीत बसतो. म्हणजे खुर्चीवर येण्याआधी दोन वर्षे माणूस शेजारी बसून शिकतो, आणि उतरल्यावर एक वर्ष आपली चूक निस्तरताना दुसऱ्याला बघतो. आपल्याकडे १९७८ साली प्लाझ्मा सायन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, १९८६ साली गांधीनगरला प्लाझ्मा संशोधन संस्था उभी राहिली, १९८९ साली तिथला ‘आदित्य’ टोकामॅक सुरू झाला. हे सारे वाचत असताना आम्ही जालना, परभणी, नांदेड, बीडकडची मंडळी हुरळून गेलो होतो, हे कबूल करायला हवे. आमच्यातल्या चारदोघांनी ग्लो डिस्चार्जवर थोडेफार काम केले होते, बाकीच्यांनी पाठ्यपुस्तकातले एक प्रकरण शिकवले होते. एवढ्या भांडवलावर विभाग निघाला.

निघाला तो परतूरच्या सरांमुळे. आमच्याकडे माणसाला गावाच्या नावाने ओळखण्याची रीत आहे, आणि इथे ती सोयीचीही आहे. परतूर जालन्याहून परभणीच्या वाटेवरचे स्टेशन. तिथल्या महाविद्यालयात निर्वात पंप नव्हता; तो मिळावा म्हणून सरांनी केलेले अर्ज एका फायलीत न मावता दुसरीत गेले होते. मग त्यांनी पंपाचा नाद सोडला आणि विजेच्या टेस्टरमधला निऑनचा दिवा हाती घेतला. त्या इवल्याशा काचेत निर्वात आयताच केलेला असतो. त्याला एक मोठा रोध आणि एक धारित्र जोडले, नव्वदेक व्होल्टच्या वर एकदिश दाब दिला, की धारित्र हळूहळू भारित होते. ठरावीक दाबाला दिवा पेटतो, धारित्र रिकामे होते, दिवा विझतो आणि पुन्हा पहिल्यापासून. मौज अशी, की दिवा ज्या दाबाला पेटतो त्याच दाबाला विझत नाही. त्याहून बराच खाली उतरावे लागते. एकदा पेटलेला विसर्ग पेटायला लागलेल्या दाबापेक्षा कमी दाबावर तग धरतो. सर म्हणत, ‘‘संस्थेचंबी असंच असतंय. पेटवायला लागतंय जास्त, चालवायला कमी.’’ पाट्यावर मिचमिचणारा तो नारिंगी ठिपका त्यांनी तालुक्या-तालुक्यांतून नेऊन दाखवला. अंबड, मंठा, भोकरदन, सगळीकडे. पाटा पिशवीत, पिशवी एसटीच्या खिडकीशी.

‘जालना, सोने का पालना’ असे आमच्या गावाबद्दल म्हणतात. सोन्याचे माहीत नाही, लोखंडाचे खरे आहे. औद्योगिक वसाहतीत संध्याकाळी चालत गेलात तर वेल्डिंगच्या प्रत्येक दुकानात प्लाझ्मा जळताना दिसेल, पुढे काही ठिकाणी तर त्याने पोलादाचे पत्रेही कापू लागले. ज्या गावात तो असा दारोदार पेटलेला, तिथे त्याच्या नावाचे तीस सभासद मिळेनात, ही आमची अडचण होती.

तीस का, तर संस्थेच्या घटनेत तसे कलम होते. ३१ मार्चला वर्गणी भरलेले तीस सभासद नसतील तर विभाग आपोआप ‘सर्वसाधारण’ विभागात विलीन व्हायचा. असे कलम मोठ्या संस्थांतही असते. तिथे आकड्याऐवजी टक्केवारी असते इतकेच. आणि त्यामागचा विचार चुकीचाही नाही. प्लाझ्माच्या व्याख्येतच तो आहे. नुसते आयन आणि इलेक्ट्रॉन असून भागत नाही. डेबायच्या गोलात, म्हणजे एखाद्या भाराचा प्रभाव आजूबाजूचे कण जिथवर झाकून टाकतात तेवढ्या अंतरात, पुष्कळ कण असावे लागतात. ते नसतील तर जे उरते ते सुटे सुटे कण. समूह म्हणून ते वागत नाहीत. उलट ट्यूबलाइटमध्ये अणूंचा अगदी लहान अंश आयनित असतो, तरी सगळी नळी प्लाझ्मासारखी वागते. मी स्वतःची समजूत या दुसऱ्या उदाहरणाने काढत असे.

१९९७च्या मार्चमध्ये माझ्या नोंदवहीत सत्तावीस नावे होती. कार्डे पाठवून झाली होती, कॉलेजांत फोन करून झाले होते. दोन सभासद असे होते की जे दरवर्षी ‘देतो, देतो’ म्हणत आणि एप्रिलमध्ये खरेच देत. त्यांचे पन्नास-पन्नास रुपये मी माझ्या खिशातून भरले. त्यात मला काही वावगे वाटले नाही, आजही फारसे वाटत नाही. एकोणतीस झाले.

परतूरचे सर जानेवारीत वारले होते. मी तेराव्याला गेलो होतो. ते दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस, पगार झाला की, मनीऑर्डर करीत. कधी चुकले नव्हते. अठ्ठावीस मार्चच्या रात्री मी पावतीपुस्तक पुढे घेतले आणि तिसावी पावती त्यांच्या नावाने फाडली. का, याची कारणे मला त्या रात्री पुष्कळ सुचली होती. विभाग त्यांचा होता. जगले असते तर त्यांनी भरलेच असते. अजून कुणाला पत्र टाकून उत्तर येण्याइतके दिवस नव्हते. ही सगळी कारणे खरी होती. पण त्यांतले एकही मी यादीसोबतच्या पत्रात लिहिले नाही, यावरून त्यांची किंमत कळते.

यादी मुख्य कार्यालयात गेली, विभाग वाचला. मे महिन्यात अध्यक्षपदाची निवडणूक लागली. मतपत्रिका मुख्य कार्यालयातून यादीबरहुकूम टपालाने निघत आणि भरून माझ्याकडे येत. निवडणूक अधिकारी मीच. पद्धत दुहेरी पाकिटाची होती. आतल्या कोऱ्या पाकिटात मत, बाहेरच्यावर सभासदाची सही. उमेदवार दोन. वरवर पाहता दोघे सज्जन अध्यापक होते, पण वाद खरा होता. वर्षाकाठी होणारी विभागाची एकुलती एक कार्यशाळा मोठ्या शहरातल्या सुसज्ज प्रयोगशाळेत घ्यायची, की दरवर्षी एका तालुक्याच्या महाविद्यालयात न्यायची? पहिल्या पक्षाचे म्हणणे असे, की पंप, नळ्या, मोजमापाची साधने नसतील तिथे कार्यशाळा म्हणजे नुसते भाषण. दुसऱ्याचे असे, की जिथे साधने आहेत तिथल्या मुलांना कार्यशाळेची गरजच नाही. दोन्ही बाजू मला पटत, आणि त्या पदावर असताना दोन्ही पटणे बरेही असते.

तेवीस पाकिटे परत आली. एकावर सहीच्या जागी सरांच्या पत्नीची सही होती. आत वेगळी चिठ्ठी, वळणदार अक्षरात: ‘यांच्या बोलण्यावरून यांचे मत मला ठाऊक होते, म्हणून भरून पाठवीत आहे. नियमात बसत नसल्यास बाजूला ठेवावे.’

आतले पाकीट मी उघडले नाही. बाकीची बावीस मते दोन साक्षीदारांसमोर मोजली. अकरा आणि अकरा.

समसमान मते पडली तर चिठ्ठी टाकावी असे कलम होते. त्याआधी मी मावळत्या अध्यक्षांना सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘अहो, कार्यवाहानं सभासद मोजायचे असतात. करायचे नसतात.’’ आणि चहा मागवला. ते पाकीट मोजता येणार नव्हते, याबद्दल आमचे दुमत नव्हते. मत मेलेल्या माणसाचे नसते, आणि वहिनी सभासद नव्हत्या. पण ते नाव यादीत होते कसे, हे विचारले गेले असते तर निवडणूकच नव्हे, विभागच रद्द झाला असता. चिठ्ठी टाकली. शिपायाच्या मुलीने उचलली. शहरातला पक्ष निघाला आणि पुढची सगळी वर्षे कार्यशाळा त्याच एका प्रयोगशाळेत झाली. चांगल्या झाल्या, तसे म्हटलेच पाहिजे. परतूरहून कुणी आले नाही.

त्या वर्षीच्या वार्षिक सभेत मी उभा राहून तिसाव्या पावतीची गोष्ट सांगितली. मला वाटले होते, काही तरी होईल. कुणी हसले, कुणी म्हणाले, सरांना अशी श्रद्धांजली कुणी वाहिली नसती. कोषाध्यक्षाच्या तळमळीबद्दल आभाराचा ठराव मांडला गेला आणि टाळ्या पडल्या. इतिवृत्त लिहायचे काम माझेच होते. त्यात मी आभाराचा ठराव लिहिला. आभार कशाबद्दल, ते लिहिले नाही. सभेत सांगून मोकळा झालो असे जे मला त्या दिवशी वाटले, त्यावर हे इतिवृत्त आज पाणी फिरवते. ती वही पुढे मुख्य कार्यालयात जमा झाली. विभाग आणखी तीन वर्षे तगला, मग आकडा एकोणिसावर आला आणि कलमाप्रमाणे जे व्हायचे ते झाले. त्या वेळी पावत्या फाडायला मी नव्हतो. असतो तर फाडल्या असत्या का, याचा विचार मी टाळतो.

निवडणुकीनंतर पंधरवड्याने मी परतूरला गेलो होतो. ते न उघडलेले पाकीट परत द्यायचे होते. वहिनींनी चहा केला. धाकट्या मुलाने आपणहून फडताळावरचा पाटा काढला, भिंतीतल्या बटणाला जोडला. निऑनचा दिवा मिचमिचू लागला. मी पाकीट पुढे केले आणि मोजता का आले नाही ते सांगितले. त्यांनी मान डोलावली, त्याचे त्यांना आश्चर्य वाटले नव्हते.

‘‘पण भाऊजी,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पत्रिका आली कशी? यांची वर्गणी तर राहिली होती. मनीऑर्डरचा फॉर्म भरून ठेवलेला मीच पाहिला.’’

‘‘मी भरली,’’ मी म्हणालो.

‘‘किती?’’

‘‘पन्नास.’’

त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात दहाच्या पाच नोटा होत्या. नको म्हणावे असे फार वाटले. पण नको म्हटले असते तर ती वर्गणी माझी झाली असती, आणि ती तशी असू नये हे मला एकदम कळले. मी पैसे घेतले. पावतीपुस्तक पिशवीतच होते. अठ्ठावीस मार्चची, सरांच्या नावाची, माझ्या सहीची पावती त्यात अजून तशीच दुमडून ठेवलेली होती. ती काढून दिली. त्यांनी तारीख वाचली, माझ्याकडे पाहिले आणि पावती पाट्याखालच्या फायलीत, पंपाच्या अर्जांच्या वर ठेवून दिली.