पाण्यात उतरायचं तर घालायचं काय?



गेलं वर्षभर मी ब्लाउज कमी आणि पोहण्याचे कॉस्च्युम जास्त शिवते आहे. सात झाले. सगळे घरातल्यांचे आणि ओळखीतल्यांचे. सुरुवात झाली आमच्या वन्संच्या गुडघ्यांपासून. डॉक्टर म्हणाले, पाण्यात व्यायाम करा, पाणी अंगाचं बरंचसं वजन तोलून धरतं, गुडघ्यावर भार कमी येतो. तलावावर सकाळी फक्त बायकांची बॅच असते, शिकवायलाही बाईच. फी परवडणारी, घरात कुणाची हरकत नाही. तरी वन्सं चार महिने गेल्या नाहीत. दर वेळी एकच, "अगं, पण घालू काय?"

आपल्यातल्या काही जणींना आधी दुसराच प्रश्न पडेल. तलावात, नदीत उतरायचं नाही असा ज्यांचा नियम आहे त्यांनी तो पाळावा, माझं काही म्हणणं नाही. आमच्या घरी चातुर्मासात तलाव बंद असतो, इतर आठ महिने जातो. आणि अंग किती झाकलेलं असावं हे प्रत्येकीची मर्यादा ठरवते. मी शिवते ते बहुतेक गुडघ्यापर्यंत पाय आणि कोपरापर्यंत बाही असलेले. पण खाली सांगते ती मापं बिनबाह्यांच्या कॉस्च्युमलाही तशीच लागू पडतात.

जुना सलवार-कुर्ता घालून उतरता येईल का, हे मला तिघींनी विचारलं. बहुतेक तलावांवर चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, हातापायात गुंडाळतं, बुडणाऱ्याला खाली ओढतं. त्याचे धागे सुटून पाणी गाळायच्या यंत्रात अडकतात ते वेगळंच.

इचलकरंजीत राहून हे सांगणं जरा विचित्र वाटतं, पण आपल्या मागावरचं कुठलंच कापड या कामाचं नाही. मागावर उभे-आडवे धागे एकमेकांना घट्ट धरून बसतात. कॉस्च्युमचं कापड स्वेटरसारखं टाक्यात टाका घालून विणलेलं असतं, म्हणून चारी बाजूंनी ताणतं. त्यात साधारण ८० टक्के नायलॉन आणि २० टक्के स्पॅन्डेक्स असतं. आपण ज्याला सरसकट लायक्रा म्हणतो ते हे स्पॅन्डेक्स, १९५८ साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी शोधलेलं. फार पूर्वी बायका लोकरीचे कॉस्च्युम घालून पोहायच्या, भिजले की लोंबायचे. आपल्यातल्या काही जणींना रेशीम-लोकर चालत नाही, हे कापड पूर्ण कृत्रिम आहे, ती एक सोय झाली. घेताना १० सेंटिमीटरचा तुकडा ताणून बघा. १५ पर्यंत सहज जायला हवा आणि सोडल्यावर पुन्हा १० वर यायला हवा. ताणला जाऊन तसाच राहिला तर ते कापड घेऊ नका, कितीही चमकू दे. नाचाच्या पोशाखांचं चकचकीत कापड बऱ्याचदा असं निघतं.

आता वन्संची गोष्ट. त्यांनी आधी तयार कॉस्च्युम मागवला होता. छातीच्या मापाने बरोबर होता, पण घातला की खांद्यात रुतायचा आणि खालून ओढ बसायची. मग दोन मापं मोठा मागवला. तो छातीत सैल, काखेतून पाणी शिरायचं, मागे झोळ. दोन्ही परत पाठवले आणि म्हणाल्या, "माझं अंगच असलं, कशात बसणार?" आम्ही बायका किती पटकन स्वतःच्या अंगाला दोष देतो! वन्संच्या अंगाचा काही दोष नव्हता. तयार कॉस्च्युमवर छाती, कंबर आणि सीट एवढीच मापं होती. एक माप कुठेच नव्हतं, आणि सगळी गोम त्याच मापात आहे.

त्याला मी उभा वेढा म्हणते. टेप एका खांद्याच्या मध्यावर धरायची, छातीच्या सर्वांत उंच भागावरून खाली पोटावर, दोन्ही पायांच्या मधून मागे, पाठीवरून वर पुन्हा त्याच खांद्यावर. सरळ उभं राहून, टेप न ओढता. दुसऱ्या बाईची मदत लागते. वन्संचा उभा वेढा निघाला ६५ इंच. आलेला पहिला कॉस्च्युम मी टेबलावर पसरून त्याच वाटेने मोजला, तो ५६. ताणून ताणून किती ताणणार? उंचीला कमी पडलेलं कापड रुंदी वाढवून भरून निघत नाही. सलवारीचं आसन कमी पडल्यावर नाडी सैल करून काय उपयोग, तसंच ते.

गंमत म्हणजे माझ्या मुलीची तक्रारही हीच होती. ती काडीसारखी, उंच, छाती ३१, उभा वेढा ६१. दोघी आत्या-भाचीला खांद्यात रुतायचं, आणि एक स्वतःला जाड समजायची, दुसरी बेढब.

बेतताना नेहमीच्या सवयीच्या उलट वागायचं. ब्लाउजला आपण अंगाच्या मापापेक्षा सैल धरतो, इथे कमी धरायचं. आडव्या मापात मी दहावा हिस्सा कमी करते: छाती ४० तर कापड ३६, सीट ४६ तर साडेएकेचाळीस. उभ्या वेढ्यात मात्र फार तर ५ टक्के. ६५ ला ६२ धरले. वाटेल कोरडा असताना जरा सैल आहे, पण खांद्यावरून पट्टी एक बोट उचलता आली पाहिजे आणि सोडल्यावर परत बसली पाहिजे. शिवायच्या आधी जुन्या टी-शर्टच्या होजिअरीत कच्चं शिवून, घालून, खाली बसून, हात वर करून बघा. आरशापुढे नुसतं उभं राहून काही कळत नाही.

वन्संचा भार सगळा कमरेखाली. त्यांना हवा होता घेरदार फ्रॉकचा कॉस्च्युम, सगळ्या तोच सुचवतात. मी नको म्हटलं. घेर कोरड्यात मांड्या झाकतो, पण पाण्यात उतरलं की छत्रीसारखा वर येतो, आणि मग बाई एका हाताने पोहते आणि दुसऱ्याने फ्रॉक खाली दाबते. त्याऐवजी खाली गुडघ्यापर्यंत गडद निळं, एकाच रंगाचं, आणि वर खांद्यावर, गळ्याजवळ फुलांचं कापड. नजर वर जाते. फ्रॉक हवाच असेल तर बिनघेराचा, दहा इंचांचा, आतल्या चड्डीला बाजूच्या शिवणीत धरलेला.

धाकट्या जाऊबाईंचं वेगळं. दोन सिझेरियन, पोट पुढे, छातीही भरलेली. तिला मी समोरचा भाग पाठीपेक्षा चार इंच लांब कापला आणि ते जास्तीचं कापड दोन्ही बाजूच्या शिवणीत, छातीखालपासून कमरेपर्यंत, चुन्या घालून बसवलं. आडव्या चुन्यांमध्ये पोटाचा उंचवटा नजरेला सापडत नाही. आत समोरून पॉवरनेट नावाच्या घट्ट जाळीचा एक थर, तोही बेताचाच. पोट आवळून बसवलं तर मांस वर छातीखाली येतं आणि पोहताना श्वास पुरत नाही. छातीला प्रिन्सेस कट, ब्लाउजसारखाच. ताणणाऱ्या कापडाला टक्स लागत नाहीत असं सांगतात, ते बारीक अंगाला खरं. भरलेल्या छातीला शिवणीने आकार दिला नाही तर कापड दोन्हीकडे सपाट दाबून टाकतं. छातीखाली आतून इंचभर रुंदीचं इलॅस्टिक, खांद्यावर दोन इंचांची पट्टी. अरुंद दोऱ्या बघायला नाजूक, वजन पेलत नाहीत.

मुलीला छातीवर झालरीचे दोन थर लावले. संपला विषय. चौदाव्या वर्षी मुलींना आपलं म्हणणं कुणी ऐकून घेतलं एवढंच पुरतं.

ज्यांचं वरचं आणि खालचं माप फार वेगळं आहे त्यांनी वर कुर्ती आणि खाली पँट असा दोन तुकड्यांचा शिवावा. उभ्या वेढ्याची कटकट जाते. मात्र कुर्ती पाण्यात वर तरंगते, म्हणून दोन्ही बाजूंना आतून प्लॅस्टिकचा छोटा हूक आणि पँटला अडकवायला फासा.

शिलाईचं थोडक्यात सांगते. स्ट्रेच कापडाची सुई घ्या, ७५/११ नंबरची. साध्या सुईने टाके चुकतात आणि कापडाला बारीक भोकं पडतात. दोरा पॉलिएस्टर, सुती नको. टाका झिगझॅग. सरळ टाक्याची शिवण घालताना पहिल्याच ताणात तडातडा तुटते. घरी सासूबाईंच्या काळचं काळं मशीन असेल तर कापून, कच्चे टाके घालून पिको-फॉल करणाऱ्या ताईंकडे न्या, इंटरलॉक मारून मिळतं. इलॅस्टिक पोहण्याच्या कपड्यांचं असतं ते मागा. साधं क्लोरिनच्या पाण्यात काही आठवड्यांत ढिलं पडतं. आणि फिक्या रंगाला पूर्ण अस्तर. कापडाचा तुकडा ओला करून हातावर ठेवा. रेषा दिसल्या तर अंगही दिसेल.

सातवा कॉस्च्युम आमच्या काकूंचा. त्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले खरं तर. काकूंचं डाव्या स्तनाचं ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली. त्याआधी नदीला पूर नसेल तेव्हा पंचगंगा पोहून येणाऱ्या बाई त्या, माहेरचं गावच नदीकाठचं. ऑपरेशननंतर हात खांद्यावर जाईना, डॉक्टरांनी पोहायला परवानगी दिली, तरी त्या नाही म्हणत राहिल्या. वन्संचा कॉस्च्युम बघून एक दिवस दुपारी आल्या. पदर सारखा करत म्हणाल्या, "माझं माप घेशील का गं? दार लावून घे."

टेप डाव्या बाजूने फिरवली तेव्हा त्या भिंतीकडे बघत होत्या. मी आकडे मोठ्याने बोलत गेले, नेहमी बोलते तसे. दोन खांद्यांवरून दोन उभे वेढे घेतले. उजवा ६२, डावा ५९. म्हणजे दोन्ही बाजू सारख्या कापल्या असत्या तर डावीकडे पाणी भरून झोळ आला असता, आणि तीच तर त्यांची भीती होती. मी विचारलं, आत खिसा करू का, त्यात हलका कप बसवता येतो. ओल्या फोमचा नको, तो पाणी पितो, पण पोहण्यासाठीचे वेगळे मिळतात. काकू म्हणाल्या, "नको. दोन्हीकडे सारखं दिसायला नको मला. पाण्यात काही निसटायला नको, एवढंच बघ."

मग डावीकडचं कापड तीन इंच कमी केलं आणि उजव्या छातीखालून डाव्या खांद्यापर्यंत तिरक्या चुन्या नेल्या, साडीचा पदर जातो तशा. सपाट बाजू वेगळी दिसत नाही, चुन्यांचा भाग वाटते. कापड बारीक पानांचं. एकरंगी कापडावर सावली पडून फरक उठून दिसतो. गळा वर घेतला, डावा मुंढाही वर, व्रण काखेपर्यंत गेलाय म्हणून. पण त्या मुंढ्याला इलॅस्टिक लावलं नाही, बाहीही सैल ठेवली. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला आवळून चालत नाही, हात सुजतो. नुसतं अस्तर दुमडून मऊ शिवण घातली, आणि शिवण बाहेरच्या बाजूला, व्रणाला घासू नये म्हणून. कुणासाठी असं शिवणार असाल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना हाताबद्दल विचारा.

पहिल्या दिवशी काकू टॉवेल अंगावर घेऊनच पायऱ्यांपर्यंत गेल्या. टॉवेल माझ्या हातात दिला आणि उतरल्या. बॅचमधल्या कुणी काही विचारलं नाही. एकीने एवढंच विचारलं, "या चुन्या कुठे शिवून मिळतात?"

धुण्याचं राहिलं. तलावात उतरण्याआधी कॉस्च्युम साध्या पाण्याने भिजवून घ्या, कोरडं कापड क्लोरिनचं पाणी जास्त पितं. घरी आल्यावर अर्ध्या बादलीत खळबळून काढा, पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा, सावलीत वाळवा. मशीन नको, इस्त्री तर नकोच. कागदी नमुना मी प्रत्येकीच्या नावाने, तारीख घालून ठेवते, कारण वजन चार किलो इकडे-तिकडे झालं की उभा वेढा पुन्हा घ्यावा लागतो.

काकूंनी दुसऱ्यासाठी जांभळं कापड सांगितलंय. साठ इंच पन्ह्याचं दीड मीटर पुरेल.