कुसूर घाटाच्या पायथ्याची बोली

भिवपुरी रोडला लोकलमधून उतरलं, तरी भिवपुरी गाव अजून दूरच असतं. ते पूर्वेला, थेट सह्याद्रीच्या पायथ्याशी. स्टेशनबाहेर रिक्षा भरायची वाट पाहत होतो. भाजीची रिकामी पाटी घेतलेल्या एका आजींनी चालकाला विचारलं, "गारी कवा सुटल? मना घरा जावाचा हाय." ही आगरी बोली. गाडीतला 'ड' तिच्यात 'र' होतो, 'पाणी'चं 'पानी' होतं, 'काळा'चा 'काला'. वाक्याला एक ठाम हेल असतो, तो कागदावर उतरत नाही.

रस्ता डोंगराकडे वळतो आणि टाटांच्या वीजघराचे मोठाले नळ उतारावर दिसू लागतात. आंध्रा नदीचं, ठोकरवाडी धरणात अडवलेलं पाणी १९२२पासून इथे वीज करतं, मग पेज नदीला मिळतं. त्याच पाण्यावर कर्जतमध्ये उन्हाळी भात पिकतो.

पण पाण्याच्या आधीपासून या डोंगरातून माणसं उतरत आली. कुसूर घाट ही मावळातून कोकणात यायची जुनी वाट. पानिपतावर गेलेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी भिवपुरीत दगडी तळं बांधलं, ते या वाटेच्या तोंडाशी. घाट उतरून येणारा मावळी बोलायचा घाटावरचं, पाणी पाजणारा बोलायचा कोकणातलं. पायथ्याच्या गावांच्या कानाला दोन्ही हेलांची सवय असणारच.

आणि आजूबाजूच्या वाड्यांवर ठाकर, कातकरी. खैरापासून कात काढणारे म्हणून कातकरी. त्यांची बोली आगरीहूनही वेगळी. भरभर बोलली तर मला अर्धीच कळते. ग्रिअर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या भाषा सर्वेक्षणाच्या १९०५मध्ये निघालेल्या मराठीच्या खंडात ठाकरी आणि कातकरी या दोन्हींची नोंद आहे. शंभर वर्षांपूर्वी परक्या अधिकाऱ्याला त्या लिहून घ्याव्याशा वाटल्या. आपण मात्र वर्गात अशा बोली बोलणाऱ्या मुलांना हसतो.

जपानच्या ओकिनावा बेटांवर एके काळी शाळेत घरची भाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. आपल्याकडे तशी पाटी नाही, पण 'मना' म्हणणाऱ्या पोराला वर्ग हसला की ते पोर गप्प बसतं. परिणाम तोच. प्रमाण मराठी मुलांना यायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. त्यासाठी घरची बोली चुकीची ठरवायची गरज नाही.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्यभर फिरून मराठीच्या बोलींचे आवाज ध्वनिमुद्रित केले आहेत. हे काम घराघरात व्हायला हवं. कर्जत-खालापुरात तुमची आजी असेल, तर या सुट्टीत तिला बोलतं करा आणि मोबाइलवर तासभर तरी ध्वनिमुद्रित करून ठेवा.