दिवाडी बेटाचे दोन पुत्र

आम्हां नांदेडकरांस गोदावरी नित्याची. परंतु चोहों बाजूंनीं पाण्याने वेढलेलीं गांवें पाहण्याचा योग मला गोव्यांतच आला. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीनें मांडवी ओलांडली, कीं दिवाडी बेट लागतें. भातखाचरें, टेकडीवर पांढरें चर्च. जगाच्या इतिहासाशीं या शांत भूमीचा कांहीं संबंध असेल, असें प्रथमदर्शनीं वाटत नाहीं.

याच बेटावर सोळाव्या शतकाच्या अखेरीस मातेउश दि कास्त्रु जन्मले. त्यांस पाद्री व्हावयाचें होतें. पण ते पडले एतद्देशीय! गोव्याच्या आर्चबिशपांनीं दीक्षा नाकारली. तेव्हां हा तरुण खुष्कीच्या मार्गानें निघाला, तो १६२५ सालीं रोमास पोंचला. तेथें दीक्षा तर मिळालीच. शिवाय १६३७ सालीं ते लॅटिन परंपरेंतील पहिले भारतीय बिशप झाले. विजापूरच्या आदिलशाहीचा मुलूख त्यांजकडे आला. लातूरकरांस परिचित असलेला नळदुर्ग त्याच राज्यांतला. गोव्याच्या पोर्तुगीजांनीं मात्र त्यांचा अधिकार मानला नाहीं. स्वभावानें ते तापट. विजापूरकरांस गोव्यावर चिथावल्याचा ठपकाही त्यांजवर आला. मला विचाराल, तर त्या संतापाचा निम्मा दोष दार लावून घेणाऱ्यांकडे जातो. १६७७ सालीं ते रोम येथें वारले.

त्याच्या आदल्याच वर्षीं दिवाडीवर याकोमे गोन्साल्विस जन्मले होते. १७०५ सालीं ते श्रीलंकेस गेले. तेथें डचांच्या अमलाखालीं कॅथॉलिकांस उघडपणें उपासना करण्याचीही चोरी. अशा स्थितींत या कोंकणी माणसानें सिंहली व तमिळ आत्मसात करून दोन्ही भाषांत ग्रंथ रचले. १७४२ सालीं ते बोलवत्त येथें निवर्तले. सिंहली ख्रिस्ती वाङ्मयाचे जनक म्हणून आजही तेथें त्यांचें नांव घेतात.