पंचेचाळीस डिग्री, दोन चाकं आणि चिमूटभर मीठ

सायकलिंगवरचे लेख वाचायला मला मनापासून आवडतं. गुळगुळीत रस्ता, बाजूला द्राक्षांचे मळे, रायडरच्या जर्सीवर घामाचा डागसुद्धा नाही. एकदम सही! प्रॉब्लेम एकच. ते लिहिणाऱ्यानं यवतमाळचा मे महिना पाहिलेला नसतो.

मी पाहिलाय. जन्मापासून पाहतेय. मास कॉम नागपूरला केलं, कामं पुण्या-मुंबईची करते, पण पत्ता अजून यवतमाळचाच. लॅपटॉप उघडला की ऑफिस सुरू, बंद केला की सायकल बाहेर. दर रविवारी आम्ही दहा-बारा जण निघतो. क्लब म्हणायचं असेल तर म्हणा. आमचा लोगो नाही, स्पॉन्सर नाही, पण व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात दोन डॉक्टर, एक बँकवाला, एक जिल्हा परिषदेचे सर, कृषी केंद्र चालवणारा एक भाऊ आणि आम्ही तिघी मुली. कळंबचा चिंतामणी हे आमचं वॉर्मअप, पांढरकवडा म्हणजे खरी राइड.

आणि स्वप्न प्रत्येकाचं एकच, ब्रेव्हे. २०० किलोमीटर, साडेतेरा तासांत. मग ३००, ४००, ६०० आणि कधी तरी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. १२०० किलोमीटर, ९० तास, दर चार वर्षांनी. २०२३ ची झाली, आता २०२७. हसू नका! आमच्या शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये अमेरिका आरपार करणारी 'रॅम' एकट्यानं बारा दिवसांच्या आत संपवून आले. म्हणजे विदर्भाच्या पायांत काही कमी नाही.

हिशोब करून बघा. साडेतेरा तासांत २०० म्हणजे ताशी १५ किलोमीटरसुद्धा नाही. एवढा स्पीड कोणालाही जमतो. तरी माणसं अर्ध्यातून परत येतात, कारण सकाळी सहाला सुटलेला रायडर दुपारी एकला अजून रस्त्यावरच असतो. आमच्याकडे राइड बिघडवणाऱ्या गोष्टी तीन: रस्ता, ऊन आणि पोट. खरेदीची यादीही त्याच हिशोबानं करायची, फोटो बघून नाही.

सायकल: टायर आधी, कार्बन नंतर

नवीन माणूस ग्रुपमध्ये आला की पहिला प्रश्न ठरलेला, 'कार्बन घेऊ का?' माझा उलटा प्रश्न, 'टायर किती मिलिमीटरचा बसतो?'

कारण आमची काळी माती. कापसाला सोनं, रस्त्याला वैरी. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटून भेगाळते आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन-तीन वर्षांत लाटांसारखा होतो. अशा रस्त्यावर २३ मिलिमीटरचा, दगडासारखा टणक भरलेला टायर म्हणजे हाताला मुंग्या आणि कमरेला शिक्षा. वर स्पीडही कमीच, कारण टायर दबत नाही, अख्खी सायकल उडते. किमान २८ घ्या, फ्रेममध्ये बसत असेल तर ३२. वजन ७० किलोच्या आसपास असेल तर २८ ला साधारण ७० पीएसआय, ३२ ला ५५ ते ६०. तिथून आपल्या रस्त्याप्रमाणे थोडं कमी-जास्त करा.

दुसरा व्हिलन बाभळीचा काटा. दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर, पॅच आणि पंप हे दागिन्यासारखं अंगावर हवंच. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट असेल तर बारीक काटा आपोआप बुजतो, हा खर्च मला पटलेला आहे.

गिअर? यवतमाळ उंचावर वसलंय, त्यामुळे जाताना मजा आणि येताना घाट. पुढे ५०/३४ आणि मागे ३२ किंवा ३४ दात असलेली कॅसेट असेल तर थकलेला माणूसही बसल्या बसल्या चढतो. बजेट कमी असेल तर चांगली हायब्रिड घ्या, लाज कसली? सरांनी पहिलं शंभर हायब्रिडवरच केलं. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. वाचलेल्या पैशांत दिवे आणि सीटचं फिटिंग करून घ्या. फिटिंगचा देशी फंडा असा: पेडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय जेमतेम सरळ व्हावा. गुडघेदुखीच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

कपडे: कूलरचा फंडा

पॅडवाली शॉर्ट्स हा चोचला नाही, गरज आहे. आत दुसरं काही घालायचं नाही, प्रत्येक राइडनंतर धुवायची आणि लांबच्या राइडला क्रीम लावायचं. मुलींसाठी वेगळ्या कटचं पॅड मिळतं, तेच घ्या. आणि लोक काय म्हणतील? म्हणतातच. शेजारच्या काकूंनी माझ्या आईला विचारलं होतं, "पोरगी हाफ पँट घालून रोडवर फिरते म्हणे?" आई म्हणाली, "फिरत नाही वहिनी, शंभर किलोमीटर जाऊन येते." विषय संपला. ज्यांच्या घरी एवढ्यात संपत नाही, त्यांनी वरून सैल थ्री-फोर्थ घाला. पॅड आपलं काम करतंच.

जर्सी फिक्या रंगाची, चेन पूर्ण उघडणारी. हातांना पांढरे स्लीव्ह्ज. कापसाच्या जिल्ह्यात हे लिहिणं जिवावर येतं, पण सुती टी-शर्ट घामानं जड होतो आणि काखेत काचतो. सुताचा मान गळ्याशी! पांढरा सुती दुपट्टा भिजवून मानेभोवती गुंडाळा. आपला कूलर जसा चालतो तसंच हे चालतं. हवा कोरडी, पाणी पटापट उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं.

आता याची दुसरी बाजू. ऑगस्टमध्ये कूलर लावला की घर चिकट होतं, बरोबर? शरीराचंही तसंच. दमट हवेत घाम नुसता ओघळतो, उडत नाही. पारा ३२ वर असला तरी आतून भट्टी पेटते. म्हणून पावसाळ्यातल्या राइडला हलकं समजू नका.

हेल्मेट सायकलचंच, भरपूर खिडक्यांचं, ईएन १०७८ किंवा सीपीएससी लिहिलेलं. मागे लाल दिवा, अंगात रिफ्लेक्टिव्ह जॅकेट. कापसाच्या सीझनमध्ये वरपर्यंत लादलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, हे धरूनच चालवायचं.

वेळ: पहाट, पण किती पहाट?

उन्हापासून पळायला लवकर निघा, हा सल्ला सगळे देतात. आमच्याकडे त्यातही अट आहे. पांढरकवड्याकडे टिपेश्वर अभयारण्य. २०१८ मध्ये त्याच पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात टी-१ वाघिणीची दहशत होती. त्या नोव्हेंबरात तिला मारण्यात आलं, तो सगळा वाद आठवत असेल. पण रोजची भीती वाघाची नाही, रोही आणि रानडुकरांची. अंधारात रोही आडवा आला की हेल्मेटसुद्धा हात जोडतं.

मेमध्ये सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो. आम्ही पाचला गावातून निघतो, सोबतीनं, दिवे लावून, आणि जंगलाच्या पट्ट्यात उजाडल्याशिवाय शिरत नाही. नऊच्या आत घर. बसतील तेवढेच किलोमीटर. हिवाळ्यातून थेट उन्हाळ्यात उडी मारायची नाही. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर अंतर आणि जोर दोन्ही कमी.

एवढ्या पहाटे आम्हाला बघून टपरीवाला एकदा म्हणाला होता, "ताई, काऊन एवढं फिरता? पैसे भेटते का याचे?" नाही भेटत, भाऊ. उलट जाते!

पोट: इथेच सगळा खेळ

आता मुद्द्याचं. आमच्या ग्रुपमधला सगळ्यात शिस्तीचा माणूस म्हणजे बँकवाला. मागच्या उन्हाळ्यात, एप्रिलच्या शेवटी, पांढरकवडा आणि परत, साधारण १४० किलोमीटर. ग्रुपवर रोज फॉरवर्ड फिरत होते, 'पाणी पीत राहा, तहान लागायच्या आधी प्या.' त्यानं ते अक्षरशः पाळलं. प्रत्येक थांब्यावर लिटरभर बिसलरी, तीही साधी. खाणं मात्र जवळजवळ नाही, कारण वजन कमी करायचं होतं.

परतीच्या वाटेवर त्याचं डोकं दुखायला लागलं. मग उलटी. मग तो मला माझ्या बहिणीच्या नावानं हाक मारू लागला. सगळे म्हणत होते, ऊन लागलं, आणखी पाणी पाजा. आमच्या डॉक्टरांनी बाटली हातातून काढून घेतली, सावलीत झोपवलं, अंगावर पाणी ओतलं आणि १०८ ला फोन केला. हॉस्पिटलच्या रिपोर्टमध्ये सोडियम १२६. नॉर्मल १३५ च्या वर असतं. घामातून मीठ गेलं होतं आणि उरलेलं त्यानं पाण्यानं पातळ केलं होतं.

हे एकट्याचं दुर्दैव नव्हे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं होतं. तेही थंड देशात.

तीन दिवसांनी भेटायला गेलो तर वहिनी चहा देता देता म्हणाल्या, "तुमचं फिटनेस ठीक आहे, पण मला हा माणूस घरी पाहिजे." कोणाकडेच उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या ग्रुपचे नियम बदलले.

• आधी घाम मोजा. तासभराच्या राइडआधी आणि नंतर वजन करा. एक किलो उतरलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला, प्यायलेलं पाणी त्यात मिळवायचं. वजन वाढलं असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात.

• बाटलीत साधं पाणी नको. एक लिटरला ६० ग्रॅम साखर, पाव ते अर्धा सपाट लहान चमचा मीठ, एक लिंबू. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मं-निम्मं असतं, महागड्या जेलमध्येही बहुतेक हीच जोडी असते. दुसऱ्या बाटलीत पाणी ठेवा, पण ते मुख्यतः डोक्यावर ओतायला. बीपी, किडनी किंवा शुगरचा त्रास असेल तर मीठ-साखर डॉक्टरांना विचारूनच.

• ओआरएस आणि ओआरएससारखं दिसणारं यात फरक आहे. डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं तो फॉर्म्युला न पाळणाऱ्या ड्रिंक्सना नावात 'ओआरएस' लावायला मनाई केली. पाकीट नीट वाचा. आणि एक लक्षात ठेवा, ओआरएस मीठ भरून काढतं, पोट भरत नाही.

• खायचं घड्याळ लावून. दीड तासाच्या पुढे राइड असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट. मोठं केळं साधारण २५ ग्रॅम. खजूर, राजगिऱ्याचा लाडू, गुळाची पोळी, सगळं चालतं. नव्वदपर्यंत जायचं असेल तर पोटाला आठवडे-आठवडे सवय लावा. टपरीवरचा आलूबोंडा? जीव की प्राण, पण राइड संपल्यावर! तेलकट खाणं पोटात बसून राहतं आणि घाटात आठवण करून देतं.

• राइडमध्ये डाएट नाही. वजन कमी करायचंय ना? ते आठवडाभराच्या जेवणात करा. घरी आल्यावर दही-भात किंवा भाकर आणि वरण, पोटभर.

• कोणी बरळायला लागला, तोल जायला लागला की राइड संपली. सावली, अंगावर पाणी, वारा आणि १०८. शुद्ध नीट नसलेल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतायचं नाही. 'थोडं बसला की बरा होईल' हे वाक्य ग्रुपमध्ये बॅन आहे.

यातल्या कशालाही लाखभर रुपये लागत नाहीत. वजनकाटा, लिंबू, मीठ आणि थोडी जाडी चाकं. फोटोत यातलं काहीच दिसत नाही, म्हणून बहुतेक मॅगझिन त्यावर पान खर्च करत नाहीत. पण आपल्या उन्हात घरी परत आणतात ते हेच.

बँकवाला नोव्हेंबरात परत आला. वहिनींनी स्वतः बाटल्या भरून दिल्या होत्या, एकीवर मार्करनं 'मीठ' आणि दुसरीवर 'डोकं' लिहून. कळंबपर्यंतच गेलो, चिंतामणीला नमस्कार केला, परत आलो. पन्नासही झाले नाहीत. त्यानं घरी जाऊन वजन केलं आणि ग्रुपवर टाकलं, 'अर्धा किलो कमी. वहिनी खूश. पुढचा रविवार दारव्हा?'

अकरा अंगठे वर आले. तुम्हीही या. टायर तेवढा बघून घ्या.