क्रूझ, कदंब आणि अप्पांचा ब्रेक

आमच्या जतहून गोव्याला जायचं तर सरळ रस्ता आहे. एसटीनं मिरज, मिरजेतून रात्री गोवा एक्स्प्रेस आणि उजाडता उजाडता वास्को. हे गणित अप्पांना झोपेतही पाठ. त्यामुळे आपण आधी उलट्या दिशेनं मुंबईला जायचं, बॅलार्ड पिअरला जहाजात बसायचं आणि रात्रभर तरंगत त्याच वास्कोला उतरायचं, हा फंडा त्यांना समजावताना माझी पार वाट लागली.

'म्हणजे द्राविडी प्राणायाम,' अप्पा म्हणाले. 'आणि त्याला पैसे पण आपणच द्यायचे?'

आई-अप्पांच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून गेल्या एप्रिलमध्ये मी आणि दादानं हा घाट घातला होता. दादा आयटीवाला, त्याचा अर्धा वाटा एका क्लिकमध्ये गेला. माझा अर्धा वाटा म्हणजे चार संपादकांना केलेले निदान पंधरा फोन. (फ्रीलान्सर मंडळींना वेगळं सांगायला नको.) तर आई, अप्पा, दादा, वहिनी, त्यांची पाच वर्षांची चिमी आणि मी, अशी आमची वरात जहाजावर चढली.

जहाजाबद्दल फार लिहीत नाही. एसी, बुफे, स्विमिंग पूल, रात्री गाणीबजावणी, सगळं ब्रोशरमध्ये असतं तसंच. आईनं सकाळी बुफेत उपमा शोधून काढला आणि तिची बोटीशी दोस्ती झाली. खरी मजा, आणि खरा लोच्या, पायाखाली जमीन आल्यावर सुरू झाला.

क्रूझचं एक गणित कुणी आधी सांगत नाही. जहाज सकाळी बंदराला लागतं खरं. पण नाश्ता, रांगा, कार्ड स्कॅनिंग हे सगळं उरकून तुम्ही बाहेर पडता तेव्हा अकरा वाजलेले असतात. परत यायचं साडेचारच्या आत. म्हणजे शहाणा माणूस ज्या वेळात घराबाहेर पडत नाही, नेमकी तीच वेळ तुमच्या वाट्याला येते. त्यात मुरगाव हे काही हनिमूनच्या फोटोतलं गोवा नाही. हे कामाचं बंदर आहे. कोळसा, वाघिणी, क्रेन, लोखंडाचा वास. बंदराच्या आत मनाला येईल तसं चालत फिरता येत नाही. बस गेटपर्यंत सोडते आणि तिथून पुढे तुमचं तुम्ही.

गेटबाहेर टॅक्सीवाले उभे होते. पणजी, एक चर्च, एक बीच आणि परत, असा त्यांचा ठरलेला फेरा. आकडा ऐकून दादानं माझ्याकडे पाहिलं, मी वहिनीकडे. अप्पांनी कुणाकडेच पाहिलं नाही.

'एवढ्यात जत-पंढरपूर सहा वेळा जाऊन येतील माणसं,' ते म्हणाले आणि चालायला लागले.

आता इथे अप्पांची ओळख करून द्यायला हवी. एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर, जत डेपो. जत-सांगली, जत-पंढरपूर, रातराणी मुंबई. विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून देवघराच्या फळीवर आहे. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना तिकिटाच्या पैशात घरी पोचवलं, त्याला सहा जणांसाठी दोन टॅक्सी करणं म्हणजे अपमानच वाटणार. टॅक्सीवाल्यांचीही एक बाजू आहे, हे पत्रकार म्हणून नोंदवते. जहाजं हंगामातच येतात आणि पावसाळ्यात हीच माणसं रिकामी बसतात. गोव्यात ओला-उबर नाही. २०१८ पासून गोवा माइल्सचं अ‍ॅप आहे आणि ते मी आदल्या रात्री शहाण्यासारखं डाउनलोडही केलं होतं. पण मी फोन काढेपर्यंत अप्पा रस्त्याच्या पलीकडे पोचले होते आणि सड्याहून येणाऱ्या मिनीबसला हात दाखवत होते.

मिनीबसनं आम्हाला वास्कोच्या बाजारात आणून टाकलं. आणि खरं सांगते, उतरल्या उतरल्या मी मनातल्या मनात अप्पांना दहा पैकी दहा मार्क दिले. टॅक्सीत बसलो असतो तर वास्को दिसलंच नसतं. मासळीच्या टोपल्या, पावाची सायकल, मराठी पाट्या, कोंकणी भांडणं आणि मध्येच अस्सल विजापुरी कानडी! आईचं माहेर उमदीचं. जत तालुक्याच्या त्या टोकाला मराठी आणि कानडी एकाच ताटात वाढतात. वास्कोत पोटासाठी आलेली उत्तर कर्नाटकची माणसं पुष्कळ. आईचे कान टवकारले, चाल बदलली, पाहुण्यांच्या गावात आल्यासारखी ती खुलली.

दामोदराचं देऊळ तिला बघायचंच होतं. सव्वाशे वर्षांपूर्वी गावात साथ आली, तेव्हा जांबावलीच्या दामोदराला साकडं घालून इथे भजनी सप्ताह सुरू झाला, अशी कथा सांगतात. आजही श्रावणात इथे अखंड चोवीस तास भजन चालतं. आईनं हात जोडले, चिमीनं घंटा वाजवली, तेवढ्यात अप्पा घड्याळ बघून आले. पणजीची नॉनस्टॉप बस बारा वाजता.

कदंबच्या शटल बसचा एक फंडा ध्यानात ठेवा: तिकीट आधी खिडकीवर काढायचं, मग चढायचं. अप्पांना हे जाम आवडलं. 'कंडक्टरची कटकट नाही, सुट्ट्या पैशाची नाही!' त्यांनी आत शिरल्याबरोबर ड्रायव्हरला 'मी एसटीत होतो' हे सांगितलं आणि थेट त्याच्या मागची सीट पकडली. दोघं कुठ्ठाळीपर्यंत गिअरबॉक्सबद्दल बोलत होते. मी मागून बघत होते. प्रत्येक वळणावर, प्रत्येक उतारावर अप्पांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण पाय अजून ब्रेकवर! आम्ही भावंडं लहानपणापासून यावर हसत आलोय.

झुआरीवरचा केबलचा नवा पूल आला तेव्हा ते उठून उभेच राहिले. डिसेंबर २०२२ मध्ये तो सुरू व्हायच्या आधी जुन्या पुलावर तासन्‌तास गाड्या अडकायच्या. तेव्हा जहाज गाठायचं असताना पणजीला जाण्याचा जुगार मी खेळलेच नसते.

पाण्याची बाटली मी दोनदा पुढे केली. 'नको, पुढे बघू.' ही पण जुनीच सवय. ड्यूटीवर असताना मध्येच गाडी थांबवायला लागू नये म्हणून ड्रायव्हर लोक पाणीच कमी पितात. पंचावन्न माणसं खोळंबवायची कशी? एकतीस वर्षं हेच केलेलं शरीर, पाणी मागायचंच विसरून गेलेलं. हे सगळं मला माहीत होतं. त्यांच्या बीपीच्या गोळीनं अंगातलं पाणी लघवीवाटे जातं, हेही माहीत होतं. माझ्या एक्सेल शीटमध्ये चर्च होतं, बेकरी होती, फोटोची जागा होती. पाणी हा कॉलम नव्हता.

पणजीला एक वाजता उतरलो. रिक्षा करूया म्हटलं, तर 'हा काय समोर तर गाव हाय.' स्टँडवरून ओरें खाडीचा पूल ओलांडून मळ्यातल्या रंगीत घरांच्या गल्लीत शिरायचं आणि तिथून चर्चच्या पायऱ्या. नकाशावर इवलंसं अंतर.

'ह्यो काय ऊन हाय? जतला ये म्हणावं!' अप्पा पहिल्या वळणावर म्हणाले होते. आणि पारा बघाल तर त्यांचं बरोबरच होतं. आमच्याकडे एप्रिलात चाळीस म्हणजे कुणी विषयही काढत नाही. पणजीत होतं चौतीस. पण जतचं ऊन कोरडं. घाम येतो, उडून जातो, अंग थोडं तरी निवतं. समुद्रकाठी हवाच पाण्यानं भरलेली. घाम उडायला जागाच नाही, तो नुसता वाहतो आणि अंग आतल्या आत शिजतं. दुष्काळी तालुक्यातला माणूस ओल्या हवेनं आडवा होईल, असं आपल्या डोक्यातही येत नाही.

निळ्या भिंतीसमोर वहिनी चिमीचा फोटो काढत होती. मी मागे वळून पाहिलं तर अप्पा एका खिडकीचे गज धरून उभे होते. शर्ट पाठीला चिकटलेला, ओठ पांढरे. 'जरा थांबलोय,' म्हणाले आणि हळूच पायरीवर बसले. बसले म्हणजे त्यांचे पाय त्यांना न विचारता खाली गेले.

पुढची दहा मिनिटं मला नीट आठवत नाहीत. दादा फोनवर हॉस्पिटल शोधत होता. मी 'अप्पा, अप्पा' एवढंच म्हणत होते. मासकॉमला आम्हाला 'क्रायसिस रिपोर्टिंग'वर अख्खा पेपर होता. त्यातलं एक अक्षर कामाला आलं नाही. कामाला आली ती आई. गल्लीच्या तोंडाशी शहाळ्याची गाडी होती. आई तिकडे धावली आणि कानडीत काहीतरी ओरडली. शहाळेवाली बाई हातातला कोयता टाकून स्वतःचं स्टूल उचलून आली. 'कुंद्री, कुंद्री!' करत तिनं अप्पांना सावलीत बसवलं, डोक्यावर ओला टॉवेल ठेवला, बटणं सोडायला लावली. मग एक शहाळं, अगदी घोट घोट. पंखा म्हणून चिमीची ड्रॉइंग बुक. बाई निघाली चडचणकडची. चडचणचा बाजार म्हणजे आईच्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर! जहाजानं एवढा वळसा घालून आम्ही शेवटी आईच्या शेजारणीच्या सावलीला आलो होतो.

अर्ध्या तासानं अप्पांच्या चेहऱ्यावर रंग आला. बाईनं शहाळ्याचे पैसे घेतले, जास्तीचे परत केले. आई आणि ती कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत होत्या. ओळखीचं एक घर निघालंच होतं.

आता प्रश्न परतीचा. अडीच वाजत आलेले, जहाज तीस किलोमीटरवर. जहाज कुणाच्या वडिलांसाठी थांबत नाही, हे जहाजाच्या अ‍ॅपवर जरा सभ्य भाषेत लिहिलेलं असतं. मी काही न बोलता दोन टॅक्सी बोलावल्या. आकडा अप्पांसमोरच ठरला. मी वाट बघत होते, आता म्हणतील, 'बसनं जाऊ की.' ते काहीच म्हणाले नाहीत. मुकाट्यानं दार उघडून बसले. त्या दिवसभरात मला खरी भीती वाटली ती तेव्हा.

एसी फुल्ल. अप्पा पुढे, मी आणि आई मागे. मी त्यांच्या पायाकडे बघत होते. पणजी सुटलं, पाय हलला नाही. हायवेवर एक ट्रक आडवा आला, टॅक्सीवाल्यानं करकचून ब्रेक मारला, आईनं देवाचं नाव घेतलं, अप्पांचा पाय जागच्या जागी. मी मनातल्या मनात जवळचं हॉस्पिटल, जहाज सुटलं तर मुक्काम, मिरजेची गाडी, सगळ्यांची जुळवाजुळव करत होते. शेवटी झुआरीचा पूल ओलांडून गाडी कुठ्ठाळीला आली, पुढचा स्कूटरवाला मध्येच वळला आणि अप्पांचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. जोरात.

'डोळे हाईत का त्याला?' ते म्हणाले.

आईनं माझा हात दाबला. तीही पायाकडेच बघत होती.

साडेतीनला गेटवर, पावणेचारला वर. जहाजावरच्या डॉक्टरनं बीपी पाहिलं, खाली गेलं होतं. मीठ-साखरेचं पाणी, थंड खोली, आराम आणि घरी गेल्यावर गोळीबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा, एवढंच. दादानं हुश्श केलं आणि लगेच बुफे किती वाजता, हे विचारलं. त्याचं हे असंच असतं.

संध्याकाळी जहाज सुटताना अप्पांना डेकवर यायचंच होतं. मी पाण्याची बाटली हातात देऊन खुर्ची ओढली. मुरगावच्या क्रेन बारीक होत गेल्या. त्यांनी शर्टाच्या खिशातून कदंबची तिकिटं काढली. घामानं एकमेकांना चिकटून लगदा झालेला. ती सोडवत बसले.

'टॅक्सीचे किती दिले?'

मी निम्माच आकडा सांगितला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. किलोमीटरचा हिशेब ज्याच्या हाडात मुरलाय, त्याला मी फसवत होते. पण त्यांनी हिशेब काढला नाही. बाटली उघडली, दोन घोट पाणी प्यायले.

'पुढच्या वेळी मिरजेतूनच यायचं,' म्हणाले. 'रातच्याला बसायचं, सकाळी थंड वेळेला वास्को.'

'आणि स्टेशनवरून?'

ते बराच वेळ पाण्याकडे बघत होते.

'स्टेशनवरून टॅक्सी,' अप्पा म्हणाले. 'पण भाव मी करणार.'