धरण फुटतं, गाव वाचतं

२०१३ सालचा ‘फ्रोझन’ एका बंद दारावर उभा होता. दाराच्या आत मोठी बहीण एल्सा, बाहेर धाकटी अ‍ॅना. मोठीच्या हातातून बर्फ सुटतो म्हणून तिला कोंडून ठेवलेलं. धाकटीला यातलं काही ठाऊक नाही, म्हणून ती आपली दार वाजवत राहते. राजपुत्राचा दगा, बोलका हिममानव ओलाफ, डोंगरावरचा बर्फाचा महाल, सगळं त्या दाराच्या बिजागऱ्यांवर फिरत होतं. गोष्ट काय म्हणून विचारलं तर चार वर्षांचं पोरही एका दमात सांगायचं, ताई दार उघडत नव्हती.

सहा वर्षांनी, २०१९ च्या नोव्हेंबरात, दुसरा भाग आला. त्याची गोष्ट एका दमात सांगून बघा. एल्साला कुणाचा तरी आवाज ऐकू येतो, त्याला ती साद देते तर वारा, आग, पाणी आणि पृथ्वी या चार शक्ती जाग्या होतात, अ‍ॅरेंडेल या तिच्या राज्याचे लोक कड्यावर जाऊन बसतात, दोघी बहिणी धुक्याने वेढलेल्या जंगलात जातात, तिथे नॉर्थल्ड्रा नावाचे लोक आणि त्यांच्याशी भांडता भांडता अडकलेले अ‍ॅरेंडेलचे शिपाई, शिवाय आई-वडिलांच्या बुडालेल्या जहाजाचं कोडं, आई मुळात कोण होती याचं दुसरं कोडं, आजोबांचं पाप, त्यांनी बांधलेलं धरण, आठवणी साठवणारी गोठलेली नदी, पाचवी शक्ती कोण हा प्रश्न, आणि हे चाललेलं असताना क्रिस्टॉफला अ‍ॅनाला मागणी घालायची आहे पण जमत नाही, आणि ओलाफ मोठं होणं म्हणजे काय या चिंतेत आहे. दम संपला. चित्रपट मात्र १०३ मिनिटांचाच, पहिल्यापेक्षा जेमतेम एका मिनिटाने मोठा.

मे महिन्यात गावाकडे निघालेली एखादी गाडी असते. टपावर सायकल, मागे आंब्याच्या रिकाम्या पेट्या, पायाशी पाण्याचा कॅन, मांडीवर कुणाचं तरी पोर. गाडी पळते, पोहोचतेही. फक्त आतल्या कुणाला खिडकीबाहेर बघता येत नाही. ‘फ्रोझन २’ हा तसा प्रवास आहे, आणि खिडकीबाहेर तर बघण्यासारखं खूप आहे.

लेफ्टनंट मॅटियासचंच घ्या. हा शिपाई ३४ वर्षं त्या धुक्यात अडकून पडलाय. तरुणपणी आत गेला, आता दाढी पिकली. बाहेरची माणसं पहिल्यांदा भेटल्यावर तो काय विचारतो? गावातल्या बेकरीत हलीमा अजून असते का? असते, अ‍ॅना सांगते. लग्न झालं तिचं? नाही. मॅटियासचा चेहरा क्षणभर असा होतो, की वाटतं आता खरा सिनेमा सुरू होणार. एका माणसाची अख्खी हयात धुक्यात गेली आणि तिकडे एक बाई पाव भाजत राहिली. पण प्रेक्षक हसतात न हसतात तोच आगीचा सरडा येतो, आणि त्याच्यामागे दगडी राक्षसही यायचे असतात. शेवटी हलीमा आणि मॅटियास एका फोटोपुरते भेटतात म्हणा. ३४ वर्षांची भरपाई एका फोटोने.

कौटुंबिक सिनेमाची ही अडचण असतेच. घरातल्या प्रत्येकाला काहीतरी द्यायचं. क्रिस्टॉफला जंगलात एकटं सोडून १९८० च्या दशकातल्या रॉक गाण्यांच्या थाटाचं एक विरहगीत दिलंय, मागे रेनडिअर कोरस धरतात. ते गाणं बापांसाठी आहे. माझ्या रांगेतले सगळे बाप मान डोलावून हसत होते आणि शेजारी बसलेली माझी भाची, “मामा, हा असा का करतोय?” असं विचारत होती. थोड्या वेळाने जेव्हा पाण्याचा घोडा समुद्रातून उसळला तेव्हा तिच्या हातातला पॉपकॉर्नचा डबा तिरका झाला आणि तिला ते कळलंही नाही. अंधारातला समुद्र, भिंतीएवढ्या लाटा, आणि अनवाणी एल्सा त्या लाटांवर बर्फाच्या पायऱ्या करत धावते, पडते, पुन्हा उठते. एकही शब्द नाही. तिथे कुणाला काही विचारावं लागत नाही.

हा चित्रपट घडत असताना चित्रीत झालेली ‘इनटू द अननोन’ ही सहा भागांची मालिका २०२० मध्ये आली. दिग्दर्शक जेनिफर ली आणि ख्रिस बक, गीत-संगीताची जोडी क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ, आणि अ‍ॅनिमेटर्सची मोठी फौज त्यात दिसते. प्रदर्शनाला वर्षही उरलेलं नाही, आणि एल्साला हाक मारणारा तो आवाज नेमका कुणाचा यावर खल चाललाय. ज्या प्रश्नावर सगळी गोष्ट उभी, त्याचं उत्तर गोष्ट सांगणाऱ्यांनाच सापडायचं आहे. ‘शो युअरसेल्फ’ हे गाणं तर जवळजवळ गाळलंच जाणार होतं. आवाज आईचा, हे ठरलं आणि ते तरलं.

मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. पहिल्या वेळीही असंच झालं होतं. एल्सा आधी खलनायिका होती. ‘लेट इट गो’ लिहून झालं आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की हे गाणं गाणारी बाई दुष्ट असूच शकत नाही. त्या एका गाण्याने जुनी पटकथा उलथून टाकली. फरक इतकाच, की तेव्हा जे उशिरा सापडलं त्याने आधीचं कितीतरी घराबाहेर काढलं. दुसऱ्या वेळी जे सापडलं त्यालाही सरकून जागा करून दिली. काढल्यासारखं काही वाटलं नाही. जगभरातून पहिल्यापेक्षाही जास्त, दीड अब्ज डॉलरच्या आसपास कमाई झाली तेव्हा काढायला हवं होतं असं तरी कोण म्हणणार?

या गर्दीत खरी मोठी गोष्ट होती ती धरणाची. एल्साच्या आजोबांनी, राजा रुनार्डने, जंगलातल्या लोकांना मैत्रीची भेट म्हणून धरण बांधून दिलं. ते धरण त्यांची जमीन नासवणार हे राजाला माहीत होतं. नॉर्थल्ड्रांमागे उत्तर युरोपातले सामी लोक आहेत हे कुणापासून लपलेलं नाही. पहिल्या भागात सामी संगीत आणि पोशाख न सांगता उचलल्याची टीका झाली होती, म्हणून या वेळी डिस्नेने नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड इथल्या सामी संसदांशी आणि सामी परिषदेशी रीतसर करार केला, चित्रपट उत्तर सामी भाषेतही आणला. आणि यातली नॉर्वेची सामी संसद जन्मली कशातून? धरणाच्याच भांडणातून. १९७९ मध्ये आल्टा नदीवरच्या धरणाविरुद्ध सामी तरुण ऑस्लोत संसदेसमोर तंबू ठोकून उपोषणाला बसले होते. धरण झालंच, १९८७ मध्ये पुरं झालं. पण त्या लढ्याच्या रेट्याने दोन वर्षांनी सामींची स्वतःची संसद उभी राहिली. चित्रपट आल्टाचं नाव घेत नाही. ज्यांना आठवायचं त्यांना आठवतं.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला आल्टा ठाऊक नसलं तरी चालतं. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तरी मुळशीचं धरण झालं. उजनीचं पाणी उन्हाळ्यात खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ भीमेच्या पात्रातून वर येतं, लोक होड्या करून बघायला जातात. ओलाफ सगळ्यांना सांगत सुटतो की पाण्याला आठवण असते. पोरांना ते गंमतीचं वाटतं. इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या आजोबांना ते कुणी सांगायला नको.

तर अ‍ॅनापुढे प्रश्न येतो: आजोबांचं पाप फेडायचं तर धरण फोडायला हवं, आणि धरण फुटलं तर आपलं गाव बुडणार. माणसं आधीच कड्यावर आहेत, पण घरं, गल्ल्या, हलीमाची बेकरी, सगळं जाणार. मुलांच्या सिनेमाने विचारलेला इतका प्रौढ प्रश्न मी फार थोड्या वेळा पाहिला असेल. अ‍ॅना ठरवते. दगडी राक्षसांना चिथावून ती धरण फोडून घेते. लोंढा फ्योर्डमधून गावावर येतो, आणि ऐन वेळी एल्सा पाण्याच्या घोड्यावरून येऊन बर्फाची भिंत उभी करते. एक कौलही हलत नाही. नंतर एल्सा बहिणीला सांगते, सगळ्या शक्तींचं एकमत झालं की अ‍ॅरेंडेल राहायला हवं. एका वाक्यात निकाल. पाप आजोबांचं, फेडायची तयारी नातीची, आणि शेवटी भरावं कुणालाच काही लागलं नाही. इतकी कोडी सोडवायची राहिलेली असताना गाव बुडालं असतं, तर त्या दुःखाला बसायला जागा कुठे होती?

पण त्याआधी एक गुहा आहे. एल्सा दूर गोठून गेलीय, तिची जादू विरते म्हणून ओलाफ अ‍ॅनाच्या हातांतून भुरभुरत उडून गेलाय. अ‍ॅना एकटी. ती गाते, पण गाणं म्हणावं असा आवाज लागत नाही. श्वास तुटतो, ओळ अर्ध्यावर थांबते. ती हात टेकून उठते, खडकावर एक पाय ठेवते, मग दुसरा. पुढचं एक पाऊल, त्यापुढचं सुचत नाही. त्या तीन-चार मिनिटांत शक्ती नाहीत, कोडं नाही, विनोद नाही. भाचीने माझी बाही धरून ठेवली होती.

या गाण्यामागे ख्रिस बकचं दुःख आहे. २०१३ मध्ये पहिला भाग पडद्यावर येण्याच्या जेमतेम महिनाभर आधी त्याचा तरुण मुलगा, रायडर, अपघातात गेला. त्याची आठवण म्हणून दुसऱ्या भागातल्या एका नॉर्थल्ड्रा तरुणाचं नाव रायडर ठेवलंय. रेनडिअरांवर जीव असलेला, धुक्यापलीकडचं मोकळं आभाळ कधीच न पाहिलेला पोरगा. बापाने मुलाचं नाव दिलेलं पात्र, आणि त्याच्या वाट्याला काय आलं, तर क्रिस्टॉफशी चार वाक्यं आणि मागणीच्या सजावटीत थोडी मदत. धुकं विरल्यावर त्याने पहिल्यांदा आभाळ पाहिलं तेव्हा कॅमेरा त्याच्यावर फार वेळ थांबतसुद्धा नाही, कारण अजून दोन-तीन गाठी सोडवायच्या होत्या, एका बहिणीला राणी करायचं होतं, दुसरीला जंगलात पोचवायचं होतं.

तिसऱ्या भागाची घोषणा झालीच आहे आणि चौथ्याचंही बोललं जातंय. लिहिणारे पुन्हा खोलीत बसले असतील, भिंतीवर कागद चिकटवत. त्यांनी सहावी-सातवी शक्ती शोधू नये. रायडरला आभाळाखाली दहा मिनिटं द्यावीत, आणि हलीमाच्या बेकरीत एकदा कॅमेरा आत न्यावा. ३४ वर्षं ती बाई तिथे काय करत होती हे मला खरंच बघायचं आहे.